एका आयपीवर चार एचटीटीपीएस साइट, जुन्या प्रोग्रामला चुकीचं सर्टिफिकेट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका लिनक्स सर्व्हरवर इंजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामखाली चार वेगवेगळ्या डोमेनच्या साइट चालतात. प्रत्येकीला लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं स्वतंत्र सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं) आहे, सर्टबॉट हा प्रोग्राम ते वेळच्या वेळी रिन्यू करतो. ब्राउझरमध्ये चारही नीट उघडतात. पण तिसऱ्या साइटच्या एपीआयला (प्रोग्राम्ससाठीच्या जोडणीला) जोडणारा एका ग्राहकाचा जुना प्रोग्राम 'नाव जुळत नाही' म्हणत कनेक्शन तोडतो.

ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या तपासणीच्या कमांडने तपासलं. सर्व्हरनेम (साइटचं नाव) पाठवलं की बरोबर सर्टिफिकेट येतं, न पाठवता जोडलं की पहिल्या साइटचं. म्हणजे तो प्रोग्राम एसएनआय (जोडणीच्या सुरुवातीलाच सांगायचं साइटचं नाव) पाठवत नसावा. साइटचं नाव सांगणारा होस्ट हेडर हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी) झाल्यावरच येतो, त्यामुळे ४४३ या एचटीटीपीएस पोर्टवर इंजिनएक्स डीफॉल्ट ब्लॉकचं (कॉन्फिगमधल्या ठरावीक साइटच्या भागाचं) सर्टिफिकेट पुढे करणार, इथपर्यंत समजतं. प्रोग्राम बदलणं ग्राहकाला सध्या शक्य नाही.

डोमेनच वेगळी असल्यामुळे वाइल्डकार्डचा (एकाच डोमेनच्या सगळ्या सबडोमेनना चालणाऱ्या सर्टिफिकेटचा) उपयोग नाही. चारही नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये घालता येतील (लेट्स एन्क्रिप्ट १०० पर्यंत नावं घेतं), पण मग एका ग्राहकाची साइट उघडणाऱ्याला बाकीच्यांची नावंही दिसतात. ते मला पटत नाही. शिवाय एका डोमेनचं डीएनएस बिघडलं तर चौघांचंही रिन्यूअल अडकेल.

म्हणून तिसऱ्या साइटला वेगळा आयपी घ्यावा असं वाटतंय. बाकी तीन साइटच्या ब्लॉकमध्ये नुसतं 'लिसन ४४३' (म्हणजे कुठल्याही आयपीवर ४४३ पोर्ट ऐक) आहे. तिसऱ्यात आयपीसकट लिसन लिहिलं तर पुरेल, की सगळ्याच ब्लॉकमध्ये आयपी लिहावा लागेल? चालू सर्व्हरवर हे कुणी केलं असेल तर कृपया सांगा.