मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर मारिओची उडी उशिरा पडते, आईसाठी उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

जुने व्हिडिओ गेम आणि नवे टीव्ही या दोन्हींतलं ज्यांना कळतं त्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण नुसती केबलची नाही.

बाबांनी १९९६ साली टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. आणला दादासाठी, पण आम्ही दोघं शाळेत गेलो की दुपारी आई त्यावर मारिओ (सुपर मारिओ ब्रदर्स) खेळायची. वर्षभरात ती आमच्या पुढे गेली. गेमच्या रिमोटवर उजवा अंगठा आडवा ठेवायची, टोकाखाली पळायचं बी बटण कायम दाबलेलं आणि सांध्याखाली उडीचं ए. पळणं आणि उडी एकाच अंगठ्यात. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छतावरून चालत जाऊन पाइपातून थेट चौथ्या जगात, तिथे ४-२ मधली लपलेली वेल काढून आठव्यात. ८-१ मात्र तिला कधी पार झालं नाही. लांबलचक लेव्हल, वेळ फक्त ३००. शंभर उरले की गाणं घाईघाईनं वाजायला लागायचं आणि आई ओठ घट्ट मिटून पळत राहायची.

गेल्या महिन्यात माळा आवरताना त्या गेमचा डबा सापडला. आई आता ६४ वर्षांची आहे. तिनंच विचारलं, "लागतो का बघ गं." अडॅप्टर नवा घ्यावा लागला. ४३ इंची एलईडीला पिवळी-पांढरी केबल जोडली आणि चित्र आलं! आई पुढे सरकून बसली. चालून येणाऱ्या पहिल्या मशरूमसारख्या शत्रूवरून कशीबशी गेली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. तिसरा जीवही तिथेच गेला. दहा-बारा डाव असेच झाले. मग तिनं रिमोटची वायर नीट गुंडाळली, डब्यात ठेवली आणि म्हणाली, "यंत्र बरोबर आहे गं, माझाच हात गेला."

ती झोपल्यावर मी खेळून पाहिलं. माझीही उडी उशिरा पडते. ए दाबल्यावर मारिओ जमिनीवरच आणखी थोडा पळतो आणि मग उठतो. मला टीव्हीचा संशय आहे, पण आईला पटेल असं दाखवायला माझ्याकडे काही नाही. दादानं लॅपटॉपवर तोच गेम टाकून दिला. तिथे उडी वेळेवर पडते, पण सगळं पळतंय. आई म्हणाली, "हे आपलं गाणं नाही, हे कोणीतरी पळवलंय."

दुसरे गेम देऊन झाले आहेत. फोनवरचे चार-पाच तिनं दोन-दोन दिवस खेळून सोडले. मारिओत तिला काय मिळतं ते मला आत्ता, या खटपटीत स्वतः खेळताना कळलं. ए नुसतं टेकवलं तर बुटकी उडी, धरून ठेवलं तर उंच, पळत येऊन मारली तर त्याहून उंच, आणि हवेत असतानाही मारिओला मागे-पुढे वळवता येतं. अंदाज चुकला तरी उडी अर्ध्यात सावरता येते. त्यामुळे खड्ड्यात पडल्यावर गेमचा राग येत नाही, पुढच्या वेळी जमेल असंच वाटतं. आणि शिकवणं किती मायेचं आहे! १-१ च्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत, मध्ये सपाट जमीन. चुकलात तर खाली उतरून पुन्हा चढा. लगेच पुढे तसेच दोन जिने, पण मध्ये खड्डा. मोठं करणारं पहिलं मशरूम ठोकळ्यातून निघतं, पाइपाला धडकतं आणि परत आपल्याकडेच येतं, म्हणजे घाबरून जागच्या जागी उभे राहिलात तरी मिळतं. एक ओळही न वाचता आई हे सगळं शिकली. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ मध्ये आपल्या चमूसह हे अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलं. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली, फक्त रंग वेगळा. आईला हे दाखवलं तर ती कितीतरी वेळ त्या झुडपाकडेच बघत होती.

पण ए दाबताक्षणी उडी पडली नाही तर यातलं काहीच हाताला लागत नाही.

दोष टीव्हीचा आहे हे आईसमोर सिद्ध करता येईल का? उशीर कमी कसा करायचा? लॅपटॉपवर वेग वेगळा का? शिवाय कॅसेट तीन-चारदा फुंकर मारल्याशिवाय लागत नाही, त्यावरही काही असेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आईंचा हात गेलेला नाही, चित्र मागून येतंय. जुना काचेच्या ट्यूबचा टीव्ही आलेला सिग्नल येईल तसा रेघ-रेघ पडद्यावर काढत जातो. एलईडी तो सिग्नल आधी डिजिटल करतो, साठवतो, ताणून मोठा करतो आणि मग दाखवतो. शिवाय नेहमीच्या प्रसारणात सम-विषम ओळींची अर्धी-अर्धी चित्रं येतात, या गेममध्ये तसं नसतं. पुष्कळ टीव्हींना हा फरक ओळखता येत नाही, ते इथेही चित्रं जोडत बसतात आणि उशीर वाढतो. एक दशांश सेकंद उशीर झाला तर पूर्ण वेगात पळणारा मारिओ पाऊण ते एक ठोकळा पुढे गेलेला असतो. खड्ड्याच्या काठावर तेवढं पुरे आहे.

सिद्ध करणं सोपं आहे. आवाजाची पांढरी पिन टीव्हीतून काढून वायरच्या स्पीकरला लावा. ब्लूटूथचा नको, तो स्वतःच उशीर करतो. आता आईंना ए दाबायला सांगा. उडीचा आवाज यंत्रातून थेट येतो, त्याला टीव्हीत थांबावं लागत नाही. आधी आवाज आणि मागून मारिओ असं झालं, तर प्रश्नच मिटला.

टीव्हीत गेम मोड असेल तर लावा, चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. पण माझ्या मते खरा उपाय ट्यूबचा जुना टीव्ही. नातेवाइकांत विचारा, कुणाकडे तरी निघतोच. मिळाला तर मागचं झाकण मात्र उघडू नका, बंद केल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते.

प्रतिसाद २

वेगाचं सांगतो. जपान-अमेरिकेतल्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ५०. हा गेम दर चित्राला एक पाऊल टाकतो. आपल्याकडे विकले गेलेले पुष्कळ डबे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या मूळ यंत्राच्या नकला होत्या, ५० वर चालणाऱ्या. त्यावर गेम मूळच्या साधारण ८३ टक्के वेगानं चालतो, गाणंही तेवढंच संथ. लॅपटॉपवर आहे तो मूळ जपानी वेग. तुमच्या आईंचा कान पक्का आहे! त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पाल किंवा ५० हर्ट्झ असा पर्याय असेल, तो निवडून बघा.

कॅसेटला फुंकर नको. तोंडातली वाफ धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या आणखी काळ्या पडतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग खोचा.

प्रतिसाद ३

आईंना माझा नमस्कार सांगा. ८-१ साठी दरवेळी पहिल्यापासून यायची गरज नाही. गेम ओव्हर झाल्यावर मारिओचा पहिला पडदा आला की ए दाबून धरायचं आणि तसंच स्टार्ट दाबायचं. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. मात्र मध्ये यंत्र बंद करायचं नाही.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दादाचे कॉम्प्युटरचे जुने स्पीकर जोडले. आईनं ए दाबलं. आवाज आला, मग मारिओ उडाला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. वीस वेळा तरी दाबलं असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हा मागे राहतोय!" रिमोटची वायर आता सोडलेली आहे, डबा टीव्हीखालीच ठेवलाय.

आमच्या टीव्हीत गेम मोड आहे, पण पिवळ्या पिनेवर असताना तो निवडताच येत नाही. कॅसेट अल्कोहोलनं पुसल्यावर पहिल्या झटक्यात लागली. ए आणि स्टार्टचं ऐकून आई म्हणाली, "इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

मिरजेच्या मामाकडे १४ इंची ट्यूबचा टीव्ही आहे, चालू स्थितीत. रविवारी आणतोय. पण त्याच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा नाही, फक्त अँटेनाची आहे. यंत्राला अँटेनाच्या वायरचं भोक आहे, ती वायर मात्र हरवली. दुकानात काय म्हणून मागायची? आणि टीव्हीवर चॅनेल कसं शोधायचं? त्या वायरीतून जोडल्यावर पुन्हा उशीर तर होणार नाही ना?