पांढऱ्या मांजरीच्या कानावरचा कर्करोग : थंड प्लाझ्मा उपचाराची वाट पाहावी का?

मनीषा, आर्वी तालुका

आमच्या घरी ढवळी नावाची नऊ वर्षांची पांढरी मांजर आहे. मागच्या उन्हाळ्यापासून तिच्या उजव्या कानाच्या कडेवर खपली धरते, ती निघाली की रक्त येते आणि चार दिवसांत पुन्हा खपली धरते. बोक्याशी झालेल्या भांडणाचे ओरखडे असतील, असे समजून आम्ही हळद-तेल लावत राहिलो. आता मात्र कानाचे टोक कुरतडल्यासारखे दिसू लागले आहे. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी त्वचेच्या कर्करोगाची शंका व्यक्त केली आणि कान कापावा लागेल, असेही सांगितले. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने थंड प्लाझ्मा नावाच्या उपचाराची माहिती पाठवली असून त्यात कापाकापी नसते, असे त्याचे म्हणणे आहे. रक्तातून वेगळा काढतात तोच हा प्लाझ्मा का? सोयाबीनची सवंगणी तोंडावर आहे. ती आटोपेपर्यंत थांबले तर चालेल का?

निवृत्त पशुवैद्य, वर्धा जिल्हा

मनीषाताई, रक्तातील प्लाझ्माशी याचा काहीही संबंध नाही. वायूला विजेची ऊर्जा दिली की त्याचे काही कण विद्युतभारित होतात, त्या अवस्थेला भौतिकशास्त्रात प्लाझ्मा म्हणतात. आकाशात कडाडणारी वीज हा तप्त प्लाझ्मा, तर ट्यूबलाईटच्या नळीतला त्या मानाने थंड. उपचाराच्या उपकरणातून अरगॉन, हेलियम किंवा साधी हवा अशा अवस्थेत त्वचेवर सोडतात, तेव्हा ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. कर्करोगाच्या पेशींवर अशा रेणूंचा भार आधीच अधिक असतो, त्यात ही भर पडली की त्या निरोगी पेशींपेक्षा लवकर मरतात, असा यामागचा विचार आहे. जर्मनीत माणसांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी असे उपकरण वापरले जाते आणि तेथील किनपेन मेड या उपकरणाला २०१३ मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. परंतु ती मान्यता जखमांसाठी आहे, कर्करोगासाठी नाही, आणि मांजरांच्या कर्करोगावरील अनुभव अद्याप तोकडा आहे. शिवाय या उपचाराचा परिणाम पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरता राहतो. ढवळीच्या कानाचे टोक झडू लागले असेल, तर रोग त्या थराच्या खाली कूर्चेपर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी आहे.

पांढऱ्या मांजरींच्या कानाच्या कडा, नाकाचा शेंडा आणि पापण्या येथे केस विरळ असतात आणि रंगद्रव्य नसते, म्हणून आपल्याकडच्या उन्हातील अतिनील किरणे तेथेच घात करतात. यातून त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा जो कर्करोग होतो, त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. जुन्या शेतकऱ्यांना बैलाच्या शिंगाचा कर्करोग ठाऊक असतो, तोही याच पेशींचा, फक्त त्याची कारणे वेगळी. मांजरीत हा रोग जागच्या जागी खोल पोखरत जातो आणि शरीरात इतरत्र उशिरा पसरतो. म्हणूनच कानाचा रोगट भाग निरोगी कडेसह वेळेवर काढला, तर पुष्कळ मांजरी पूर्ण बऱ्या होतात. मांजरीला बाह्य कान गेल्याने ऐकू येणे थांबत नाही. लहान आणि उथळ चट्टा असेल तर द्रव नायट्रोजनने गोठवूनही तो नष्ट करता येतो. कृत्रिम रेतनाच्या टाकीत उणे १९६ अंशांचा जो द्रव असतो, तोच हा.

मात्र हे सारे निदानानंतरचे आहे. मांजरांची एक खरूजही कानाच्या कडेपासूनच सुरू होते, तेव्हा आधी त्वचा खरवडून आणि तुकडा काढून तपासणी करून घ्यावी. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे आणि सवंगणीसाठी थांबू नये.

दिगंबर, वणी तालुका

आमच्या मांजरीचे दोन्ही कान तीन वर्षांपूर्वी कापले. महिनाभर ती विचित्र दिसत होती, हे खरे आहे, आणि गळ्यातील प्लास्टिकच्या कॉलरमुळे तिने घर डोक्यावर घेतले होते. आज ती पूर्वीसारखीच उंदीर पकडते. आमची चूक वेगळी होती. एका ओळखीच्या माणसाने, त्वचेच्या कर्करोगावर चालते म्हणून, माणसांचे फ्लुरोयुरासिल मलम आणून दिले होते. ते लावण्याआधी सहज डॉक्टरांना विचारले म्हणून वाचलो.

निवृत्त पशुवैद्य, वर्धा जिल्हा

दिगंबरराव, हे आपण लिहिले ते फार बरे झाले. फ्लुरोयुरासिल मांजरीच्या मेंदूवर घात करते आणि चाटण्यातून गेलेली अल्प मात्राही जीव घेऊ शकते. दुखते म्हणून पॅरासिटामॉलची गोळीही देऊ नये, तीही मांजरीला मारक ठरते. जखमेवर फिनाईल तर मुळीच नको.

मनीषा, आर्वी तालुका

आभारी आहे. सवंगणीचे दीर पाहून घेतील, मी सोमवारी सकाळच्या एसटीने नागपूरला निघते. ढवळीला पोत्यात घालून न्यावे की टोपलीत? आणि तोपर्यंत तिला उन्हापासून कसे दूर ठेवावे? ती दुपारभर सपरीच्या टिनावर पडून असते.

निवृत्त पशुवैद्य, वर्धा जिल्हा

पोत्यात नको, जीव गुदमरतो. झाकणाची टोपली घ्यावी, आत जुने लुगडे अंथरावे आणि झाकण सुतळीने बांधावे. भूल देण्याची वेळ आली तर पोट रिकामे लागते, म्हणून किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचे ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत तिला घरात कोंडावे. माणसांचे सनस्क्रीन लावू नये, ती ते चाटते आणि त्यातील काही घटक तिला विषारी असतात. आणि डावा कानही दाखवावा. त्याच उन्हात तोही नऊ वर्षे होता.