ऑरेंज रफीचं वय १०० च्या वर, हे कानातल्या खड्यावरून कळतं कसं?

खेकडा_७: मंडळी, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या ऑरेंज रफीबद्दल वाचत होतो, खोल पाण्यातला नारिंगी मासा, आधी म्हणे ३० एक वर्षं जगतो असं धरून चालले होते आणि नंतर कानातला खडा कापून बघितला तर आकडा शंभरीपार. घोळीच्या, ढोमीच्या डोक्यात पांढरे खडे निघतात तेच ना हे? आणि एखादा दुर्मिळ मासा जाळ्यात एकदाच सापडला तर त्याच्या खड्याचा उपयोग काय?

भरती_ओहोटी: हो तेच. तीन जोड्या असतात, आपल्याला दिसते ती सहसा सगळ्यात मोठी. वय मोजतात ते खड्यावर वर्षागणिक पडणाऱ्या वलयांवरून, पण आख्खा खडा वरून बघितला की म्हाताऱ्या माशाची वलयं दिसतच नाहीत कारण खडा नंतर लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला वाढतो. रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) बसवून कागदासारखा पातळ काप काढला की मग कडेला दाटीवाटीने बसलेल्या रेषा दिसतात. आधीचा ३० वर्षांचा गोंधळ तिथेच झाला.

शंकासूर: पण हजार मीटर खाली कसला उन्हाळा न कसला पावसाळा, वर्षाला एकच वलय कशावरून??

भरती_ओहोटी: रास्त शंका, शास्त्रज्ञसुद्धा यावर बरीच वर्षं भांडले. मग खड्यातल्या रेडियमचं, जे ठरावीक वेगाने बदलत जातं, किती शिसं झालंय ते मोजलं, त्याला वलयं लागतच नाहीत. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात हे केलं तेव्हाही वय शंभरीपार गेलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. प्रौढ व्हायलाच वीस-तीस वर्षं लागणारा मासा, तो समुद्रातल्या डोंगरांवर अंडी घालायला गोळा होतो आणि ट्रॉलर नेमके तिथेच, कितीतरी ठिकाणचे साठे दहा-पंधरा वर्षांत कोसळले.

सुकट: दुर्मिळ माशाचं सांगतो. खड्याचा आकार जातीप्रमाणे बदलतो, त्यामुळे सील किंवा व्हेलच्या पोटात नुसते खडे सापडले तरी काय खाल्लं ते बऱ्यापैकी ओळखता येतं. पण त्यासाठी नाव पक्कं असलेल्या माशाचा खडा संग्रहात हवा ना, म्हणून एकुलता एक नमुना असला तर जास्तच मोलाचा. गंमत म्हणजे आख्खा मासा फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायचं रसायन) बुडवला आणि ते आम्लधर्मी झालं की खडे विरघळतात! आधी काढून, धुऊन, कोरडे पाकिटात ठेवायचे. मुशी, पाकट यांना असले खडे नसतातच, तिथे हा उपाय चालत नाही.

खेकडा_७: म्हणजे एक कापला तरी दुसरा शाबूत?

सुकट: हो, डावा वयासाठी कापा, उजवा तसाच ठेवा. फक्त कुठला डावा ते पाकिटावर लिहा.