ती चेनिन ब्लाँ आता उघडाच

'वाइन जितकी जुनी तितकी भारी' असं म्हणत वर एकांनी नाशिकची चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन ६ वर्षं कपाटात जपून ठेवल्याचं लिहिलंय. माझं ऐका, ती याच आठवड्यात उघडा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. त्यांची सगळी मजा ताज्या फळांच्या वासात, आणि तो टिकत नाही. फ्रान्समधल्या वुव्रेची चांगली चेनिन २०-३० वर्षंही मुरते हे खरं, पण तिथल्या थंड हवेत द्राक्षात आंबटपणा भरपूर राहतो आणि वाइन तगते ती त्याच्याच जोरावर.

लाल वाइनला टिकायला टॅनिनचाही, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरट द्रव्याचाही, आधार असतो. म्हणून ठेवायच्या जागेने किती फरक पडतो हे पाहायला मी शिराझ या लाल वाइनच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एक पुण्यात आमच्या माळ्यावर, दुसरी भावाच्या वाइन फ्रिजमध्ये १३ अंशांवर, आडवी. ४ वर्षांनी शेजारी-शेजारी ओतल्या. माळ्यावरचीचं बूच वर सरकलेलं, रंग कडेला विटकरी, वास शिजवलेल्या मनुकांचा. चार उन्हाळ्यांनी तिची वाट लावली होती. दुसरीत मात्र काळ्या मिरीचा झणका अजून शाबूत, आणि जीभ ओढणारा तुरटपणा मऊ झालेला. पहिल्या घोटानंतर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही.

घरच्या साध्या फ्रिजमध्ये वाइन वर्षानुवर्षं ठेवू नका, कोरड्या हवेने बूच सुकतं. त्यापेक्षा एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या, सहा-सहा महिन्यांनी एकेक उघडा, चव वहीत टिपून ठेवा. आणि तुमच्या चेनिनचा रंग कसा निघाला ते इथे नक्की कळवा.