कळसूत्री की किल्लीची?

कृष्णाकाठ: हॉफमनची १८१६ सालची जर्मन गोष्ट इंग्रजीवरून मराठीत आणतोय. नाथानएल नावाचा विद्यार्थी समोरच्या खिडकीतल्या ऑलिंपियावर भाळतो आणि ती निघते लाकडाची, आत चाकं. मी 'कळसूत्री बाहुली' लिहून मोकळा झालो. वडिलांनी वाचलं आणि पेनानं खोडलं. म्हणाले, "कळसूत्रीला मागं दोऱ्या ओढणारा लागतो. हिच्यामागं कोण आहे?" म्हटलं, तिला घडवणारा प्राध्यापक आहे. "तो कुठं ओढतोय? किल्ली देऊन बाजूला होतो." आता 'किल्लीची बाहुली' लिहावं तर जत्रेतलं पत्र्याचं खेळणं वाटतंय. काय करू?

भडंगप्रेमी: रोबो लिहा. सगळ्यांना कळतंय.

निवृत्त मास्तर: रोबो हा शब्द चापेकच्या १९२० च्या नाटकातला, चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून आलेला. १८१६ च्या बाईला तो कसा चिकटवणार?

घाटावरची: यंत्रमानव आहे की. त्याचं स्त्रीलिंग करा.

कृष्णाकाठ: करून बघितलं. 'यंत्रमानवी' म्हटलं की वाचणारा पुढचं नाम शोधत बसतो. यंत्रमानवी काय? हालचाल? आणि 'यंत्रनारी' म्हणजे साड्यांचं दुकान.

निवृत्त मास्तर: संस्कृतात 'यंत्रपुत्रिका' तयार आहे. अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला करंडीभर लाकडी बाहुल्या दाखवते. नुसती खीळ दाबली की एक आभाळातून जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. घरात असताना उसनं कशाला?

भडंगप्रेमी: आमच्या गल्लीत 'यंत्रपुत्रिका' म्हणून बघा. पहिला प्रश्न येईल, कुणाची पुत्रिका?

निवृत्त मास्तर: येऊ दे की! पुत्रिका म्हणजे मुलगीही आणि बाहुलीही. गोष्टीतला प्राध्यापक ऑलिंपियाला स्वतःची मुलगी म्हणूनच मिरवतो ना? एका शब्दात दोन्ही आलं.

कृष्णाकाठ: हे डोक्यात आलं नव्हतं, मास्तर. पण ज्या दिवाळी अंकाला देणार आहे त्याचे संपादक जोडाक्षर दिसलं की कपाळाला आठ्या घालतात.

जतकडचा: आमची आजी कानडी. असल्या बाहुलीला ती 'कीलुगोंबे' म्हणायची. कीलु म्हणजे सांधा, बिजागरी. मास्तरांची खीळ, आपली किल्ली आणि हा कीलु एकाच घरचे असणार, माझी तरी खात्री आहे. चावी मात्र पोर्तुगीज, तिला घेऊ नका.

भडंगप्रेमी: पाव खाताना बरा पोर्तुगीज चालतो.

घाटावरची: कळसूत्रीला सांगलीकरांनी तरी नावं ठेवू नयेत. १८४३ ला इथं सीतास्वयंवर करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. आणि त्या नाटकातली सीता कोण होती? बाप्याच. घडवलेल्या बाईला आपल्याकडं जुना शब्द आहे, स्त्रीपार्टी!

निवृत्त मास्तर: स्त्रीपार्टीच्या आत जिवंत नट असतो. नागठाण्याच्या बालगंधर्वांना तुम्ही चाकांच्या रांगेत बसवताय!

घाटावरची: सर, रागावू नका. बाई कशी असावी हे ठरवणारे दोन्हीकडं पुरुषच, एवढंच म्हणते.

कृष्णाकाठ: भांडण होऊ दे, पण माझं दुसरं अडलंय. शेवटी तिचे डोळे निखळतात, मेणाच्या चेहऱ्यावर काळी भोकं उरतात. मी लिहिलं, 'बाहुलीच्या डोळ्यांत बाहुल्याच नव्हत्या.' वडील म्हणतात, कोटी झाली.

जतकडचा: ठेवा ते वाक्य! लॅटिनमध्येही मुलीला, बाहुलीला आणि डोळ्यातल्या बाहुलीला एकच शब्द, पुपिला. ग्रीक कोरे म्हणजे मुलगी आणि बुबुळातली बाहुली. संस्कृतातली कनीनिकाही तशीच. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलं रूप दिसतं, म्हणून. नाथानएल तिच्या डोळ्यात दुसरं काय बघत होता?

भडंगप्रेमी: आणि गुपित फुटल्यावर तिला 'ती' म्हणणार की 'ते'?

कृष्णाकाठ: यंत्र म्हणून 'ते' करावं म्हणतोय.

भडंगप्रेमी: आमच्याकडं जित्याजागत्या बाईलाही 'ते'च. 'ते बाईमाणूस लई गुणाचं.' तुमच्या 'ते'नं ती यंत्र व्हायची नाही, उलट घरची होईल.

कृष्णाकाठ: मग 'ती'च ठेवतो. आता शेवटचं. ती जवळजवळ एकच शब्द बोलते, 'आख, आख!' तेवढ्यावर हा तिला सखोल मनाची ठरवतो, कारण त्याच्या कविता ऐकताना ती जांभई देत नाही, विणकाम काढत नाही. याला मराठीत काय?

घाटावरची: 'हो ना.' मला बघायला आले तेव्हा सव्वा तास मी तेवढंच बोललो. पसंत पडलो.

निवृत्त मास्तर: बोललो? पडलो? आपण भगिनी ना?

घाटावरची: सांगलीची आहे, सर. मघाशी तुमच्यासाठी 'म्हणते' लिहिलं. घरी आम्ही पोरी 'मी येतो, मी जातो'च म्हणतो.

जतकडचा: ते कोल्हापूरचं. सांगलीत नाही.

भडंगप्रेमी: कोण म्हणतं नाही? मिरजेला माझी मावशी, वय ७८, अजून म्हणते, 'जेवलो रे बाबा.'

जतकडचा: मावशीचं माहेर कुठलं?

भडंगप्रेमी: …कागल.