मदत हवी आहे: देखभालीला आलेल्या कुटुंबाने ज्येष्ठ शेजारणीकडून घराच्या कागदांवर सह्या घेतल्या (पुणे)

एरंडवण्यातल्या जुन्या सोसायटीत ८१ वर्षांच्या काकू एकट्याच राहतात, मुलगी परदेशात. देखभालीला ठेवलेल्या बाईपाठोपाठ तिचा नवरा, मुलगा आणि जावईही मुक्कामाला आले. काकूंचा फोन आता त्यांच्याच ताब्यात. 'पेन्शनचे कागद' सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन सह्या-अंगठे घेतलेत. काय लिहून दिलं ते काकूंना सांगता येत नाही. कोथरूडमध्येही यांनी असंच केल्याचं कानावर आहे. सुरुवात कुठून करावी?

दस्तवाचक: आधी दस्त कोणता ते शोधा. आयजीआर महाराष्ट्राच्या (नोंदणी व मुद्रांक विभाग) संकेतस्थळावर ई-सर्च करून सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, इंडेक्स-२) पाहा. जुन्या इमारतींच्या दस्तांत कधी सर्व्हे नंबर, कधी सीटीएस (शहर भूमापन क्रमांक), कधी नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर असतो. तिन्ही टाकून पाहा.

काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) निबंधकांच्या पुस्तक क्र. ४ मध्ये नोंदतात, ते सूची २ मध्ये येत नाही. त्याची नक्कल लिहून देणाऱ्याला, त्या दस्ताखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीलाच मिळते. म्हणजे तुमच्याकडून अर्ज करायचा तर त्यावर काकूंची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही हवी.

नक्कल मिळाली की मजकुराआधी शेवटची पानं बघा: ओळख पटवणारे कोण, त्यांचे फोटो-अंगठे, आणि मुद्रांकाचं चलन कोणाच्या नावे भरलं. ओळख पटवणारे त्या कुटुंबातलेच निघाले, तर तो चांगला पुरावा.

कोर्टकज्जा: पुढची वाट दस्तावर ठरते.

कुलमुखत्यारपत्र असेल तर काकूंनी रद्दलेख नोंदवावा, घेणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. पत्रात मोबदला घेतल्याचं लिहिलं असेल तर मात्र एकतर्फी रद्द करणं अवघड. आणखी एक: परक्याला घर विकण्याचा अधिकार देणाऱ्या पत्रावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. ५०० रुपयांच्या कागदावर उरकलं असेल तर ते तिथेच लंगडं पडतं.

बक्षीसपत्र असेल आणि सांभाळ करण्याची अट असेल, तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करा. अट दस्तात लिहिलेली नसेल तर प्रकरण इथेच अडकू शकतं. मग दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा; मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. दाव्यासोबत पुढच्या विक्रीला मनाई मागा आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, नाहीतर तिसराच खरेदीदार 'मला माहीत नव्हतं' म्हणत उभा राहतो.

सही केली त्या सुमाराची औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आजचा दाखला तेव्हाची मनःस्थिती सिद्ध करत नाही.

प्रश्नकर्ता: पोलिसांत आत्ताच जावं का? सोसायटीने काय करावं?

दस्तवाचक: सोसायटीने आजच काकूंच्या सहीचं पत्र घ्यावं, आणि भाग (शेअर) हस्तांतरणाच्या अर्जावर त्यांना प्रत्यक्ष विचारल्याशिवाय ठराव करू नये. भागपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) मूळ प्रत कुठे आहे, तेही बघा.

कोर्टकज्जा: जबरदस्ती किंवा डांबून ठेवल्यासारखं असेल तर ११२, एरवी सल्ल्याला ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) (फसवणूक), आणि बनावट कागद असेल तर ३३८. काकूंचा जबाब त्या कुटुंबातलं कुणी समोर नसताना घ्यायला सांगा. कोथरूडची ऐकीव गोष्ट तशीच लिहू नका; ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधा. कलम १११ (संघटित गुन्हा) लावायला मागच्या १० वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात, ती सापडली तर क्रमांकासकट जोडा.

बँकेत नोंदलेला मोबाईल नंबर आधी बदला, हे राहूनच जातं.