कॉलचे मिनिट संपले, मग आपण पैसे कशाचे भरतो?

बाणेरकर (धागाकर्ता)

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. त्या वेळी मिनिटाचा कमाल दर १६ रुपये ८० पैसे होता आणि फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत. पुढची वीस वर्षे हा व्यवसाय मिनिटाच्या विक्रीवर चालला. मे २००३ पासून येणारा कॉल मोफत झाला, २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाप्रमाणे आकारणी आणून मिनिटाचेही तुकडे केले, पण विकायचा माल तोच राहिला.

हा माल इंटरनेट कॉलने बाजारातून कसा उठवला, हे पाहण्यासारखे आहे. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलता येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओने सेवा सुरू केली. जिओकडे जुन्या पद्धतीचे, दोन फोनांमध्ये स्वतंत्र मार्ग बांधून देणारे जाळे नव्हतेच. त्यांचा साधा कॉलसुद्धा ४जी जाळ्यावरून, इंटरनेटच्याच पद्धतीने आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटे, करून जात होता, म्हणून त्यांना कॉल फुकट आणि डेटा विकत असा सौदा मांडता आला. ग्राहकाच्या हातात फुकट बोलण्याचे ॲप आलेले असताना इतर कंपन्यांनाही मिनिटाला किंमत लावून बसणे शक्य राहिले नाही. एअरसेल, आरकॉम, टेलिनॉर, टाटा डोकोमो ही नावे दोन-तीन वर्षांत फलकांवरून उतरली, आणि व्होडाफोन व आयडिया यांना २०१८ मध्ये एकत्र यावे लागले.

आता मूळ मुद्दा. कंपन्यांची संघटना गेली दहा वर्षे ‘समान सेवा, समान नियम’ अशी मागणी करीत आहे. ॲपवरून होणारे कॉल परवान्याखाली आणा, निदान त्या ॲपांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, असा तिचा अर्थ. मला ही मागणी अजिबात मान्य नाही. मी डेटाचे पैसे एकदा भरले की त्या डेटातून मी आवाज पाठवतो की छायाचित्र, हे विचारण्याचा अधिकार कंपनीला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा डेटा पॅक जाहीर केला होता आणि लोकांच्या संतापामुळे तो थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला होता. पुढे दूरसंचार नियामक ट्रायने या विषयावरच्या आपल्या चर्चापत्रावर मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने मजकुरानुसार डेटाचा दर बदलण्यास बंदी घातली. ही लढाई एकदा जिंकलेली असताना ती पुन्हा का लढायची?

शिवाय आमच्या इमारतीत आतल्या खोल्यांमध्ये रेंज येत नाही, म्हणून मी वाय-फाय कॉलिंग वापरतो. ब्रॉडबँडचे पैसे मी वेगळे भरतो आणि मोबाइल कंपनी मात्र तो कॉल स्वतःच्या सेवेत मोजते. जाळ्याच्या खर्चाचा वाटाच मागायचा झाला, तर या हिशेबात तो मी मागायला हवा!

तारमास्तर

बाणेरकर, मी टेलिफोन खात्यात अभियंता म्हणून चौतीस वर्षे काढली आहेत, तेव्हा माझा कल कुठे असेल हे आपण ओळखले असेलच. तरीही आपल्या लेखातली एक गफलत दाखवतो. जिओचा कॉलही पाकिटांतून जातो आणि व्हॉट्सॲपचा कॉलही पाकिटांतून जातो, म्हणून दोन्ही एकच, असा आपल्या मांडणीचा सूर आहे. घाटातला रस्ता एकच असला, तरी रुग्णवाहिकेला वाट करून दिली जाते आणि टेम्पोला दिली जात नाही. ४जी जाळ्यावरचा कंपनीचा कॉल लागतो तेव्हा त्याच्यासाठी ठरावीक क्षमतेची वेगळी वाहिनी राखली जाते आणि तिला इतर डेटापेक्षा अग्रक्रम असतो. ॲपचा कॉल मात्र कोणाच्या चित्रफिती, कोणाचे क्रिकेट आणि कोणाचे खेळ यांच्या गर्दीत, जमेल तसा पुढे सरकतो. गणपतीच्या मिरवणुकीत ॲपवरून बोलून पाहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

दुसरे असे, की ११२ हा क्रमांक लावायचा झाला तर या ॲपवरून लागत नाही. इंटरनेट बंद केले की ॲप बंद पडते, साधा कॉल चालू राहतो. न्यायालयीन वा सरकारी आदेशानुसार संभाषण उपलब्ध करून देण्याची सक्ती परवानाधारक कंपनीवर आहे. ॲपवर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केलेला आवाज असतो आणि ‘आमच्याकडेच किल्ली नाही’ असे उत्तर मिळते. परवाना शुल्क कंपनीने भरायचे, स्पेक्ट्रमचा लिलाव तिने लढायचा, समायोजित महसुलाच्या (म्हणजे ज्याचा हिस्सा सरकारला द्यायचा त्या महसुलाच्या) थकबाकीवरचा ऑक्टोबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिने पचवायचा, आणि बोलण्याचा बाजार मात्र ज्याच्यावर यातले काहीच नाही त्याने न्यायचा. दूरसंचार विभागाच्या समितीनेही जुलै २०१५ मध्ये असेच म्हटले होते, की ॲपवरून होणारे देशांतर्गत कॉल कंपन्यांच्या कॉलसारखेच नियमांखाली यावेत. ती समिती काही कंपन्यांनी नेमलेली नव्हती.

हिशेबनीस

तारमास्तरांनी खर्चाची बाजू मांडली, पण जमेची बाजू सोडून दिली. लोक डेटा पॅक कशासाठी घेतात? याच ॲपांसाठी. ज्या मालामुळे दुकानात गिऱ्हाईक येते, त्या मालाच्या उत्पादकाकडेच दुकानाचे भाडे मागण्याचा हा प्रकार आहे.

मिनिट विकले जात होते तेव्हा कंपन्या एकमेकींशी कशा वागत होत्या, हेही आठवून पाहावे. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या ग्राहकाला गेला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे. हा दर १४ पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून तो ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. शून्य व्हायच्या आधीचा तमाशा फार कमी लोकांच्या लक्षात आहे. २०१९ मध्ये जिओने आपल्याकडून जाणाऱ्या कॉलची घंटा वीस सेकंदांवर आणली. समोरच्याने उचलायच्या आत कॉल सुटला की तो उलट फोन करतो, आणि मग पैसे देणारी कंपनी घेणारी होते. इतर कंपन्यांनीही घंटा आखडत्या घेतल्या. अखेरीस मोबाइलची घंटा तीस सेकंद आणि लँडलाइनची साठ सेकंद वाजलीच पाहिजे, असे ट्रायला लिहून द्यावे लागले. फोन किती वेळ वाजावा हे सरकारी नियामकाने ठरवावे, इतकी पाळी मिनिटाच्या हिशेबाने आणली होती. इंटरनेट कॉलमध्ये हा जकातनाकाच नाही. म्हणून ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये ॲपवरच्या कॉलांत तूर्त हस्तक्षेप नको असे सांगितले, ते योग्यच होते. २०२३ मध्ये त्यांनी तोच प्रश्न पुन्हा चर्चेला का काढला, याचे मला आजही नवल वाटते.

धारणीची लेक

वरच्या तिन्ही लेखकांचा वाद मी लक्षपूर्वक वाचला. तिघांचाही फोन स्मार्ट आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते.

माझे आईवडील मेळघाटात धारणीजवळ राहतात आणि मी अमरावतीत नोकरी करते. आईकडे बटणांचा फोन आहे. पूर्वी ती दहा रुपयांचा टॉकटाइम भरायची, तो तिला दोन-दोन महिने पुरायचा, आणि तो संपला तरी माझा फोन तिला येत असे. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज सुरू केला आणि ठरावीक दिवसांनी पैसे भरले नाहीत तर येणारे कॉलही बंद होऊ लागले. धागाकर्त्यांनी लिहिले आहे की २००३ पासून येणारा कॉल मोफत झाला. आमच्या घरी तो पंधरा वर्षांनी पुन्हा पैशांचा झाला, फक्त पैसे मिनिटाला न पडता अठ्ठावीस दिवसांना पडू लागले. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने तेरा होतात, हे गणित आईला पहिल्याच वर्षी कळले. तीस दिवसांचा निदान एक तरी पॅक ठेवा, असे कंपन्यांना बजावायला ट्रायला २०२२ उजाडले.

पुढे जे पॅक मिळू लागले त्यांत बहुधा रोज दीड-दोन जीबी डेटा असायचा. आई तो वापरू शकत नव्हती, पण त्याचे पैसे भरत होती. कॉल फुकट आणि डेटा विकत, हा सौदा बाणेरकरांना लाभदायक वाटतो, कारण ते डेटा वापरतात. ज्याला फक्त बोलायचे आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ न घेतलेल्या मालाचे बिल असा होतो. इंटरनेट कॉलमुळे बोलणे स्वस्त झाले, हे विधान अर्ध्या देशापुरते खरे असेल. उरलेल्यांनी त्या स्वस्ताईची वर्गणी भरली आहे.

आखातवासी

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला असून बरीच वर्षे दुबईत नोकरी करतो. परवान्याच्या मागणीला पाठिंबा देणाऱ्यांनी आमचा अनुभव ऐकावा. येथे व्हॉट्सॲपवर संदेश जातात, छायाचित्रे जातात, आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवता येतो, पण कॉल लागत नाही, कारण इंटरनेट कॉलची सेवा द्यायची तर येथल्या परवानाधारक कंपन्यांच्या मार्फतच द्यावी लागते आणि अशा कंपन्या मोजून दोन आहेत. मग बोटिमसारखे मान्यताप्राप्त ॲप घ्यायचे आणि गावाकडच्या माणसालाही ते टाकायला लावायचे. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या काकांना मी हे ॲप फोनवरून शिकवले, तेव्हा त्या शिकवणीच्या साध्या आंतरराष्ट्रीय कॉलचे जे पैसे लागले, त्यात गावी जायच्या बोटीचे नसले तरी बसचे तिकीट नक्की आले असते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शाळा आणि कचेऱ्यांसाठी काही ॲपांना मोकळीक दिली गेली, म्हणजे तांत्रिक अडचण कोणतीच नव्हती.

भारतात २००२ पर्यंत परदेशी कॉलचा मक्ता एकट्या विदेश संचार निगमकडे होता, तेव्हाचे दर ज्यांनी भरले आहेत, त्यांनी परवान्याची भलामण करताना ते आठवावेत.

तारमास्तर

आखातवासी, आपली तक्रार खरी आहे, पण ती दोन कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धची आहे. परवाना म्हणजे बंदी नव्हे. २०१८ मध्ये आपल्याकडे परवानाधारकांना इंटरनेट टेलिफोनीची मुभा मिळाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाची सेवा काढली, तिच्यात सिमशिवाय ॲपवरून कोणत्याही फोनला कॉल करता येत होता. ती फारशी चालली नाही, हे मान्य करतो. आमच्या खात्याला माल बनवता येतो, विकता येत नाही, हे जुनेच दुखणे आहे.

धारणीच्या भगिनींचा मुद्दा मात्र मला अडचणीत टाकतो, कारण तो माझ्या बाजूचा नाही आणि बाणेरकरांच्याही बाजूचा नाही. त्यांच्या मातोश्रींसाठी २०१७ मध्ये आलेला बटणांचा ४जी फोन हा एक मार्ग होता, त्यावर इंटरनेट पद्धतीचा कॉल चालत होता. पण डेटाचे पॅक त्यालाही जोडलेलेच होते.

बाणेरकर

धारणीच्या ताईंचे म्हणणे वाचून मला माझ्या शीर्षकाकडे परत जावे लागले. मी प्रश्न विचारला होता, पण त्याचे उत्तर न देता ॲपची बाजू लढवत बसलो. माझ्या मते आता कंपन्या क्रमांक विकतात. व्हॉट्सॲपची नोंदणी क्रमांकावर होते, बँकेचा ओटीपी क्रमांकावर येतो, गॅसची नोंदणी क्रमांकावर असते. मी महिनाभर एकही साधा कॉल केला नाही तरी क्रमांक जिवंत ठेवण्यासाठी रिचार्ज करावाच लागतो. स्काइपने बावीस वर्षे लोकांना क्रमांकाशिवाय बोलायला लावून पाहिले आणि मे २०२५ मध्ये ते बंद झाले. सिमच्या क्रमांकावर उभी राहिलेली ॲप मात्र टिकली. तेव्हा ‘आमचा बाजार ॲपने नेला’ ही कंपन्यांची ओरड मला आणखीच लटकी वाटते. त्यांनी मिनिट गमावले आणि त्याबदल्यात कधीही न संपणारे भाडे मिळवले. ते भाडे जे डेटा वापरत नाहीत त्यांच्याकडूनही वसूल होते, हे मात्र मी आधी लक्षात घ्यायला हवे होते. परवान्याविषयीचे माझे मत बदललेले नाही.

एक विचारतो. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि संदेशांचे, डेटाविरहित पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि विशेष पॅकची मुदत वर्षभरापर्यंत वाढवण्याची मुभा दिली. आपल्या मातोश्रींना त्याचा उपयोग झाला का?

धारणीची लेक

झाला, पण मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. बाजारातल्या रिचार्जवाल्याने पहिल्या खेपेला असा पॅक नाहीच असे सांगितले. दुसऱ्या खेपेला मी माझ्या फोनवर यादी उघडून दाखवली, तेव्हा तो सापडला. पैसे एकदम द्यावे लागतात, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात दहा रुपये काढणे वेगळे आणि एकदम काही शे रुपये काढणे वेगळे, म्हणून ते मीच भरते.

आता आईला हवे तितके बोलता येते, तिला मी तसे अनेकदा सांगितलेही आहे. ती अजूनही दोनदा घंटा वाजवून फोन ठेवते आणि माझ्या उलट फोनची वाट पाहत बसते.